क्रीडोपचारातील खेळण्यांची निवड व त्यांचा सर्जनशील वापर : एक विवेचन

प्रस्तावना

प्रौढ व्यक्ती मानसिक अडचणीत सापडली की ती कोणाजवळ तरी बोलून आपल्या मनावरचा भार हलका करते. समुपदेशन आणि मानसोपचार यांची उभारणी प्रामुख्याने या बोलण्यावरच झाली आहे. पाच-सहा वर्षांच्या बालकाच्या बाबतीत मात्र हे साधन अपुरे पडते. 'तुला काय होते आहे?' असे विचारल्यावर असे बालक मान खाली घालते, 'काही नाही' म्हणते किंवा मोठ्यांना अपेक्षित असलेले उत्तर देऊन मोकळे होते. त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, परंतु ते सांगण्याइतकी भाषा त्याच्याजवळ नसते. ज्याँ पियाजे यांच्या बोधात्मक विकासाच्या सिद्धान्तानुसार अमूर्त विचार करण्याची क्षमता साधारणपणे अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास आकार घेऊ लागते. त्यापूर्वीचे बालक हाताळता येणाऱ्या वस्तूंच्या आधारे विचार करते. म्हणूनच भीती, मत्सर, वियोग, अपराधीपणा अशा भावना त्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या खेळात अधिक स्पष्टपणे उमटतात.

या वस्तुस्थितीचा उपचारासाठी केलेला पद्धतशीर उपयोग म्हणजे क्रीडोपचार अथवा प्ले थेरपी होय. साधारणपणे तीन ते बारा वर्षे वयोगटातील बालकांसाठी ही पद्धती वापरली जाते. या पद्धतीत खेळ ही भाषा आणि खेळणी हे त्या भाषेतील शब्द मानले जातात. ही उपमा मान्य केल्यास एक प्रश्न अटळपणे पुढे येतो. बालकापुढे कोणते शब्द ठेवायचे, हे ठरविणारा उपचारकच बालक काय सांगू शकेल आणि काय सांगू शकणार नाही, याची सीमाही नकळत आखत असतो. खेळण्यांची निवड ही खरेदीची किंवा सजावटीची बाब राहत नाही. ती उपचारातील पहिली कृती ठरते. प्रस्तुत लेखात या निवडीचे निकष, महाराष्ट्रातील बालकांच्या संदर्भात त्यांचा अर्थ, खेळण्यांचा सर्जनशील वापर आणि त्यातील दक्षता यांचे विवेचन केले आहे.

१. खेळण्यांविषयीच्या विचाराची वाटचाल

क्रीडोपचाराचा प्रारंभ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मनोविश्लेषणाच्या परंपरेतून झाला. मेलानी क्लाइन यांनी १९२० च्या दशकात बर्लिन येथे बालकांच्या मनोविश्लेषणासाठी खेळाचा वापर सुरू केला व १९२६ मध्ये त्या लंडनला स्थायिक झाल्या. त्यांची खेळणी लहान आणि साधी असत. लाकडी माणसे, प्राणी, गाड्या, घरे, कुंपणे, ठोकळे, कागद, कात्री, दोरा अशा वस्तूंचा त्यांत समावेश होता. माणसांच्या आकृत्या दोन आकारांच्या असत, मात्र त्यांच्या वेषावरून कोणताही विशिष्ट व्यवसाय सूचित होणार नाही याची काळजी घेतलेली असे. प्रत्येक बालकाची खेळणी स्वतंत्र कुलूपबंद खणात ठेवली जात. यामुळे आपल्या खेळाचे गुपित सुरक्षित आहे, याची खात्री बालकाला मिळत असे. याच काळात ॲना फ्रॉइड यांनी वेगळी भूमिका घेतली. प्रत्येक खेळाला प्रतीकात्मक अर्थ चिकटविण्यास त्यांचा विरोध होता. खेळाकडे त्या मुख्यतः बालकाशी विश्वासाचे नाते जोडण्याचे साधन म्हणून पाहत.

मार्गारेट लोवेनफेल्ड यांचे कार्य खेळण्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. त्यांनी १९२८ मध्ये लंडन येथे बालकांसाठी चिकित्सालय सुरू केले. एच. जी. वेल्स यांच्या १९११ मधील 'फ्लोअर गेम्स' या पुस्तकातून प्रेरणा घेऊन त्यांनी लहान-लहान वस्तूंची पेटी तयार केली व तिच्या जोडीला वाळूची आणि पाण्याची पसरट पात्रे ठेवली. बालकांनी आपण होऊन पेटीतील वस्तू वाळूत मांडण्यास आरंभ केला आणि त्या मांडणीला 'जग' असे नाव दिले. 'जगतंत्र' म्हणून ओळखली जाणारी पद्धती अशा रीतीने बालकांच्याच कृतीतून जन्माला आली. पुढे स्वित्झर्लंडमधील डोरा काल्फ यांनी तिला युंग यांच्या विचारांची जोड देऊन वाळूक्रीडेची पद्धती विकसित केली.

व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अनिर्देशित क्रीडोपचाराची आठ तत्त्वे मांडली. बालकाने काय व कसे खेळावे हे उपचारकाने सांगू नये, बालक पुढे जाते व उपचारक मागून येतो, हा त्यांच्या विचाराचा गाभा होय. अमेरिकेतील गॅरी लँड्रेथ यांनी हीच दिशा पुढे नेली. खेळणी जमतील तशी गोळा न करता ती विचारपूर्वक निवडली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह या क्षेत्रात सर्वमान्य झाला आहे.

या पद्धतीच्या परिणामकारकतेचाही अभ्यास झाला आहे. ब्रॅटन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ९३ नियंत्रित अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात उपचाराचा सरासरी परिणाम ०.८० प्रमाणित विचलन इतका आढळला. पालकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत केलेल्या खेळाचा परिणाम त्याहून अधिक होता. महागड्या साहित्यापेक्षा बालकाच्या विश्वासातील व्यक्तीला अधिक महत्त्व आहे, असा अर्थ यातून काढता येतो.

२. निवडीचे निकष

क्रीडाकक्षात ठेवावयाचे खेळणे पुढील कसोट्यांवर उतरणे आवश्यक आहे.

(अ) अभिव्यक्तिक्षमता : खेळण्यामुळे बालकाला काही सांगता आले पाहिजे. बॅटरीवर चालणारी, कळ दाबताच नाचणारी किंवा गाणी म्हणणारी खेळणी आकर्षक असतात, परंतु त्यांच्यापुढे बालक प्रेक्षक बनते. खेळणेच सर्व काही करीत असेल, तर बालकाला करण्यासारखे उरत नाही.

(आ) अपूर्णता : ज्या बाहुलीच्या चेहऱ्यावर कायमचे रुंद हसू रंगविलेले आहे, तिला रडविणे बालकाला अवघड जाते. चेहरा साधा असेल तर तीच बाहुली रडते, रागावते, आजारी पडते आणि बरी होते. मातीचा गोळा, कापडाचा तुकडा, रिकामे खोके, दोरी या वस्तू या कसोटीवर सर्वांत सरस ठरतात.

(इ) यशाची हमी : किचकट जुळणीची किंवा नियमबद्ध स्पर्धेची खेळणी आरंभीच्या सत्रांत टाळावीत. शाळेत वारंवार अपयश पाहिलेल्या बालकाला क्रीडाकक्षातही हरण्याचा अनुभव येऊ नये.

(ई) टिकाऊपणा व सुरक्षितता : खेळणे जोराने आपटले तरी टिकावे व कोणास इजा करू नये. भारतात 'टॉइज (क्वालिटी कंट्रोल) ऑर्डर, २०२०' अन्वये चौदा वर्षांखालील बालकांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक करण्यात आले असून त्याची अंमलबजावणी १ जानेवारी २०२१ पासून सुरू झाली. तीन वर्षांखालील भावंड सोबत येत असल्यास गिळता येतील असे मणी, चिंचोके, काचेच्या गोट्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात.

(उ) स्थैर्य : प्रत्येक सत्रात तीच खेळणी त्याच जागी असावीत. ज्या बालकाच्या घरातील सर्व काही विस्कटले आहे, त्याला मागच्या आठवड्यातील वाघ त्याच फळीवर आढळणे हाच एक दिलासा असतो. मोडलेले खेळणे मात्र काढून त्या जागी तसेच दुसरे ठेवावे.

३. खेळण्यांचे वर्गीकरण

लँड्रेथ यांनी खेळण्यांचे तीन गट मानले आहेत. पहिला गट प्रत्यक्ष जीवनाशी निगडित खेळण्यांचा. बाहुल्यांचे कुटुंब, घर, भांडीकुंडी, गाड्या, डॉक्टरची पेटी, दुकानाचे साहित्य, टेलिफोन यांचा यात समावेश होतो. टेलिफोन शक्यतो दोन असावेत. समोरासमोर बोलू न शकणारे बालक पाठ फिरवून फोनवर बोलते, असा अनुभव पुष्कळ उपचारक सांगतात.

दुसरा गट राग व आक्रमकता व्यक्त करण्याच्या खेळण्यांचा. वाघ, मगर, साप, सैनिक, रबरी सुरी, मारण्याची पिशवी ही त्याची उदाहरणे होत. या गटाविषयी मतभेद आहेत. अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१ च्या प्रसिद्ध प्रयोगात, प्रौढ व्यक्तीला फुगीर बाहुलीला मारताना पाहिलेल्या बालकांनी तिचे अनुकरण केले. त्यामुळे केवळ मारू दिल्याने राग ओसरतो, असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. या खेळण्यांचा उपयोग रागाला नाव मिळावे व तो सुरक्षित मर्यादेत व्यक्त व्हावा यासाठी आहे. उपचारकाने त्या रागाला शब्द दिले नाहीत, तर मारणे हे मारणेच राहते.

तिसरा गट सर्जनशील अभिव्यक्तीच्या साहित्याचा. वाळू, पाणी, माती, रंग, खडू, कागद, ठोकळे इत्यादींचा यात अंतर्भाव होतो. या साहित्याला बरोबर-चूक नसते. म्हणून अतिशय भित्री किंवा अतिशय शिस्तीत वाढलेली बालके येथे सर्वप्रथम मोकळी होतात.

४. महाराष्ट्रातील बालक आणि त्याची खेळणी

पाश्चात्त्य ग्रंथांतील खेळण्यांच्या याद्या जशाच्या तशा आणून क्रीडाकक्ष सजविण्याची प्रवृत्ती आढळते. तयार संचातील बाहुलीघरात जिना, स्वतंत्र शयनगृहे आणि न्हाणीघरातील टब असतो. कुटुंबात आई, वडील व दोन मुले एवढेच सदस्य असतात. एका खोलीत सहा माणसांसह वाढलेल्या बालकाचे घर या बाहुलीघरात मावत नाही. 'रात्री सगळे कोठे झोपतात?' हा त्याच्या दृष्टीने कदाचित सर्वांत महत्त्वाचा असलेला विषय त्या घरात मांडताच येत नाही. तसेच आजी, आत्या, मामा, काकू यांच्या बाहुल्या नसतील, तर आईच्या मृत्यूनंतर आजीकडे वाढणाऱ्या बालकाची गोष्ट प्रारंभीच अडते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील, असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही बालके आईवडिलांबरोबर फडात जातात, काही गावी आजी-आजोबांकडे राहतात. अशा बालकासाठी बैलगाडी, ट्रॅक्टर, पाचटाची कोपी, पेटीत बांधलेला संसार, पुठ्ठ्याचा कोयता ही खेळणी अत्यावश्यक आहेत. मोटारगाडी हे त्याच्यासाठी केवळ एक वाहन असते. सामान लादलेला ट्रॅक्टर मात्र निरोपाचा शब्द असतो.

महाराष्ट्राच्या खेळपरंपरेत अशा साहित्याची वाण नाही. भातुकली हा कौटुंबिक नात्यांचा अभिनय करण्याचा तयार रंगमंच आहे. कोण स्वयंपाक करते, कोणाला शेवटी वाढले जाते, कोणाला उपाशी ठेवले जाते, हे त्यात सहज दिसते. पूर्वी घरोघरी असणारी ठकी ही लाकडी बाहुली घडणीने अगदी साधी असल्यामुळे अपूर्णतेच्या निकषात चपखल बसते. सावंतवाडीची लाकडी फळे व भाज्या, पोळ्याचे मातीचे बैल, विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले मिरवीत नेतात ते लाकडी बैल यांचाही विचार व्हावा.

दिवाळीतील किल्ला तर विशेष उल्लेखनीय आहे. दगड-माती रचून केलेला डोंगर, त्यावर पेरलेले अळीव, पायथ्याचे गाव, विहीर, बुरूज, मावळे, पहारेकरी आणि सिंहासनावरील शिवाजी महाराज ही मांडणी म्हणजे बालकाने उभारलेले एक संपूर्ण जगच असते. लोवेनफेल्ड यांच्या वाळूपेटीशी तिचे साम्य सहज लक्षात येते. वाळूपेटीपुढे संकोचणारे मराठी बालक 'किल्ला करू या का?' असे विचारताच बाह्या सरसावते. शत्रू कोठून येईल, दरवाजा कोणासाठी उघडेल, सुरक्षित जागा कोठे आहे, हे सर्व प्रश्न किल्ल्याच्या रचनेतच सामावलेले असतात.

स्थानिक साहित्याचा हा विचार महाराष्ट्राला नवीन नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाड येथे आदिवासी बालकांपर्यंत नेले. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी परिसरातील बिया, खडे, पाने, शिंपले यांपासून त्यांनी साधने घडविली. त्यांचे क्षेत्र शिक्षणाचे होते, उपचाराचे नव्हे. तथापि साधन बालकाच्या परिसरातून यावे हे त्यांचे तत्त्व क्रीडोपचारालाही तितकेच लागू पडते.

५. खेळण्यांचा सर्जनशील वापर

सर्जनशीलता म्हणजे उपचारकाने नवनवीन खेळ शोधून काढणे नव्हे. बालकाने एखाद्या वस्तूला दिलेला अनपेक्षित अर्थ स्वीकारण्याची तयारी, हा तिचा खरा अर्थ होय. बालकाने चमचा विमान म्हणून उडविला तर तो विमानच आहे. यासाठी बालकाने नाव देईपर्यंत उपचारकाने खेळण्याला नाव देऊ नये, असा संकेत आहे.

मराठीत या संकेताला आणखी एक पदर आहे. मराठीतील प्रत्येक नामाला लिंग आहे. 'ही बाहुली रडते आहे' असे म्हणताच ती आकृती स्त्रीलिंगी होते आणि कदाचित तिच्या रूपाने स्वतःविषयी सांगू पाहणारा मुलगा थबकतो. अशा वेळी 'हे आता दाराबाहेर थांबले आहे' असा नपुंसकलिंगी उल्लेख उपयोगी पडतो. बालकाने 'तो' किंवा 'ती' म्हटल्यावर उपचारकाने तेच रूप उचलावे. त्याचप्रमाणे खेळातील पात्रे परस्परांना 'अरे', 'अगं', 'अहो' यांपैकी काय म्हणतात, 'तू' केव्हा येते व 'तुम्ही' केव्हा, याकडेही लक्ष द्यावे. बालकाच्या घरातील सत्तेची व जिव्हाळ्याची रचना या छोट्या शब्दांतून ऐकू येते.

खेळाच्या ओघात बालक उपचारकाला भूमिका देते. 'तुम्ही बाई व्हा, मी मुलगा' असे म्हटल्यावर उपचारकाने आपल्या कल्पनेतील शिक्षिका रंगवू नये. 'बाई आता काय म्हणतील?' असे हळूच कुजबुजत विचारावे व बालक सांगेल तसेच बोलावे. यामुळे समोर येते ती बालकाने अनुभवलेली शिक्षिका.

काही प्रसंगी उपचारक हेतुपुरस्सर ठरावीक खेळणी पुढे ठेवतो. डेव्हिड लेव्ही यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस अशी पद्धती मांडली होती. एखाद्या निश्चित आघाताशी संबंधित खेळणी देऊन तो प्रसंग बालकाला सुरक्षित वातावरणात पुन्हा हाताळू देणे, हा तिचा उद्देश होता. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरची पेटी देणे हा तिचा आज सर्वपरिचित असलेला वापर आहे. स्वतः बाहुलीला सुई टोचणारे बालक त्या प्रसंगापुरते तरी असहाय राहत नाही.

शाडूची माती, हातात घालण्याच्या कापडी बाहुल्या व गोष्ट ही आणखी काही साधने होत. रिचर्ड गार्डनर यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या परस्परकथन पद्धतीत बालक एक गोष्ट सांगते आणि उपचारक तीच पात्रे घेऊन अधिक निरोगी शेवट असलेली गोष्ट सांगतो. काऊचे घर वाहून गेल्यावर चिऊने दार उघडले नाही, अशी गोष्ट सांगणाऱ्या बालकाला दार थोडे उशिरा का होईना उघडणारी चिऊ भेटू शकते.

६. मर्यादा व दक्षता

क्रीडाकक्षात स्वातंत्र्य असते, परंतु ते अमर्याद नसते. स्वतःला किंवा इतरांना इजा करणे आणि साहित्याची जाणूनबुजून नासधूस करणे यांना मनाई असते. मर्यादा घालताना लँड्रेथ तीन पायऱ्या सुचवितात : भावना ओळखणे, मर्यादा सांगणे व पर्याय देणे. लाकडी बैल उगारणाऱ्या बालकाला, 'तुला माझा फार राग आला आहे. पण मी मारण्यासाठी नाही. मारायचेच असेल तर ती उशी आहे,' असे शांतपणे सांगता येते. येथे भावना नाकारली जात नाही, केवळ कृतीचा मार्ग बदलला जातो.

याहून गंभीर दक्षता अर्थ लावण्याविषयीची आहे. बालकाने बाहुली वाळूत पुरली म्हणजे त्याच्या मनात मृत्यूचे विचार आहेत, काळा रंग वापरला म्हणजे ते खिन्न आहे, असे ठोकताळे अशास्त्रीय आहेत. कदाचित त्याला केवळ लपाछपी खेळायची असते. अर्थ एका खेळण्यात नसतो. तो अनेक सत्रांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या आकृतिबंधात, खेळातील तीव्रतेत आणि अचानक थांबलेल्या खेळात शोधावा लागतो. पालकांची माहिती व शिक्षकांचे निरीक्षण यांच्याशी तो पडताळून पाहावा लागतो.

लैंगिक अत्याचाराच्या संशयाबाबत ही सावधगिरी दुहेरी असावी लागते. केवळ खेळावरून निष्कर्ष काढल्यास निरपराध व्यक्तीवर आळ येऊ शकतो, आणि सूचक प्रश्न विचारल्यास बालकाच्या स्मृतीत भर पडून खरी तक्रारही दुबळी होते. दुसरीकडे, 'पॉक्सो' कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याची माहिती किंवा घडण्याची साधार भीती असणाऱ्या प्रत्येकावर विशेष बाल पोलीस पथकास अथवा स्थानिक पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. अशा वेळी बालकाचे शब्द व कृती जशाच्या तशा नोंदवाव्यात, स्वतः चौकशी करू नये आणि कायद्याने नेमलेल्या यंत्रणेकडे प्रकरण सोपवावे. मदतीसाठी १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक उपलब्ध आहे.

शाळेतील शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका यांनी वरील साहित्य वापरण्यास हरकत नाही. त्यातून मुलांना मोकळीक मिळते. तथापि मोकळा खेळ आणि उपचार यांतील फरक त्यांनी ओळखला पाहिजे. दीर्घकाळ टिकणारी भीती, अबोलपणा, झोप वा आहारातील बिघाड, स्वतःला इजा करणे अशी लक्षणे दिसल्यास प्रशिक्षित तज्ज्ञाकडे पाठविणे हाच योग्य मार्ग होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. क्रीडोपचारात खेळण्यांची निवड ही उपचाराची पूर्वतयारी नसून उपचाराचाच भाग आहे. कारण तिच्यावर बालकाच्या अभिव्यक्तीची व्याप्ती अवलंबून असते.

२. महाग, यांत्रिक व परिपूर्ण खेळण्यांपेक्षा साधी, अपूर्ण आणि टिकाऊ खेळणी अधिक उपयुक्त ठरतात. त्यामुळे साधनांचा अभाव ही क्रीडोपचाराची सुविधा उभी न करण्याची सबब होऊ शकत नाही.

३. खेळण्यांत बालकाच्या घराचे, नात्यांचे व परिसराचे प्रतिबिंब असणे आवश्यक आहे. भातुकली, बैलगाडी, किल्ला यांसारखे साहित्य मराठी बालकाच्या दृष्टीने केवळ पर्याय नसून अनेकदा प्रथम पसंतीचे साधन ठरते.

४. सर्जनशील वापराचा आधार उपचारकाच्या कल्पकतेपेक्षा त्याच्या संयमात आहे. नाव, लिंग, नाते व शेवट ठरविण्याचा अधिकार बालकाचा असतो.

५. खेळाचा अर्थ लावताना घाई करणे हे अर्थ न लावण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते.

जिल्हा रुग्णालये, बालगृहे, आश्रमशाळा व महाविद्यालयांचे मानसशास्त्र विभाग यांनी आपापल्या परिसरातील बालकांचे जीवन पाहून खेळण्यांची स्वतःची यादी तयार करावी. ही यादी प्रत्येक ठिकाणी वेगळी असेल आणि ती तशीच असणे इष्ट आहे. किनारपट्टीवरील बालकाला होडी लागेल, फडावरील बालकाला बैलगाडी. जे बालक बोलत नाही असे वाटते, त्याला कदाचित आजवर त्याचा शब्दच कोणी हाती दिलेला नसतो.